जागं राहिलेल्यांच्या गोष्टी

राजपुत्र प्रॉस्पेरोबरोबर मठात शिरल्यावर दरबाऱ्यांनी भट्ट्या आणि घण आणले आणि लोखंडी दरवाजांचे अडसर कायमचे सांधून टाकले. बाहेर तांबडा मृत्यू मुलूख ओस पाडत होता. आधी कळा, मग भोवळ, मग रंध्रारंध्रातून रक्त, आणि अर्ध्या तासात माणूस संपलेला. आत हजारभर निवडक सोबती, वादक, विदूषक, मद्य. पाच-सहा महिने असे काढल्यावर राजपुत्रानं मुखवट्यांचा नाच ठेवला. एडगर ॲलन पोची ही कथा, 'द मास्क ऑफ द रेड डेथ', १८४२ च्या मे महिन्यात 'ग्रॅहम्स मॅगझिन'मध्ये छापून आली. आहे काही पानांचीच. पण मृत्यूला राहायला इतकी देखणी जागा कथालेखकांपैकी क्वचितच कुणी बांधली असेल.

नाचासाठी एक दालन नव्हतं, सात होती, आणि तीही सरळ रांगेत नव्हती. दर वीस-तीस यार्डांवर वळण, म्हणजे एका वेळी नजरेत एकच दालन मावावं. पूर्वेच्या टोकाचं निळं, मग लालसर जांभळं, हिरवं, नारिंगी, पांढरं, मग निळसर जांभळं आणि पश्चिमेच्या टोकाला सातवं, काळ्या मखमलीनं छतापासून जमिनीपर्यंत मढवलेलं. प्रत्येक दालनाच्या खिडकीची काच त्या दालनाच्याच रंगाची. अपवाद फक्त सातव्याचा. तिथली काच रक्ताच्या रंगाची. आत कुठेही दिवा नाही. बाहेरच्या बोळात प्रत्येक खिडकीसमोर तिवईवर आगीची शेगडी, आणि तिचा उजेड काचेतून गाळून आत येणारा. काळ्या दालनात गेलेल्याचा चेहरा त्या तांबड्या उजेडात असा काही दिसायचा की फार थोडे जण उंबरा ओलांडत.

पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे जन्माकडून मरणाकडे, हा अर्थ पोनं लपवलेला नाही. तो पहिल्याच वाचनात हाती लागतो आणि बरेच वाचक तिथेच थांबतात. मला मात्र त्यापुढचा एक प्रश्न वर्षानुवर्षं सोडत नाही. ही सजावट बरीचशी राजपुत्रानं स्वतःच्या आवडीनं करून घेतलेली आहे, असं कथेतच सांगितलंय. मरणाला वेशीबाहेर ठेवायला निघालेल्या माणसानं आपल्याच घरात त्याच्यासाठी एक खोली का सजवली? आणि तिच्या पश्चिमेच्या भिंतीला ते आबनुसी लाकडाचं अवाढव्य घड्याळ का ठेवलं?

ते घड्याळ कथेचं खरं काळीज आहे. दर तासाला त्याचे टोल पडतात. आवाज घुमणारा, स्वच्छ, विलक्षण सुरेल. तो सुरू झाला की वादकांचे हात थांबतात, नाचणारे जागच्या जागी उभे राहतात, सर्वांत बेफाम असलेल्यांचे चेहरे उतरतात, वयस्कर मंडळी कपाळावरून हात फिरवतात. टोल संपले की सगळे हसतात, एकमेकांच्या कानात शपथ घेतात की पुढच्या वेळी आपण असं बावरायचं नाही. मग तीन हजार सहाशे सेकंद सरतात (हा हिशेब पोनंच मांडून दिलाय) आणि पुन्हा तेच. मध्यरात्री बारा टोल पडतात. टोल जास्त, म्हणून थबकून राहण्याचा वेळ जास्त, म्हणून मनात शिरायला विचारांना वाव जास्त. आणि नेमक्या त्या लांबलेल्या शांततेत लोकांच्या लक्षात येतं की आपल्यात एक अनोळखी मुखवटा फिरतोय. कफनीसारखी वस्त्रं, ताठरलेल्या प्रेताचा चेहरा, अंगभर रक्ताचे शिंतोडे. तो कुठल्या दारानं आला हे पो सांगत नाही. सांगायची गरजही नाही. घड्याळ थांबवून थांबवून लोकांना बघायला शिकवत होतं, आणि एकदाचं त्यांना दिसलं.

पुढे राजपुत्र खंजीर घेऊन धावतो आणि कोसळतो, पाहुण्याला धरायला गेलेल्यांच्या मुठीत रिकामी वस्त्रं येतात, एकेक जण पडत जातो. मग शेवटच्या माणसाबरोबर ते घड्याळही बंद पडतं. या तपशिलावर माझं मन दर वेळी अडतं. घड्याळाला कुणी हात लावलेला नाही. ऐकणारं कुणी उरलं नाही म्हणून ते थांबलं. मरणाची खूण मेलेल्यांसाठी नसते. ती जित्या कानांवर जगते. पोच्या कथांमधली घड्याळं, भेगा, तळघरं, हृदयाचे ठोके या सगळ्यांना मरणाची प्रतीकं म्हणतात, आणि ती आहेतच. पण त्या प्रत्येकाशेजारी एक माणूस जागा बसलेला असतो. मला वाटतं, या कथा त्याच्या आहेत.

पोच्या घरात तांबडा रंग ही कथा छापून येण्याच्या चारच महिने आधी शिरला होता. १८४२ च्या जानेवारीत, फिलाडेल्फियात, त्याची बायको व्हर्जिनिया गात असताना तिच्या तोंडातून रक्त आलं. क्षय होता. ती त्या वेळी जेमतेम विशीची. त्यानंतर पाच वर्षं ती मरणाच्या दारात जायची आणि परतायची. पोनं १८४८ च्या सुरुवातीला एका तरुण चाहत्याला लिहिलेल्या पत्रात हे सगळं सांगितलंय. दर वेळी तो तिचा कायमचा निरोप घ्यायचा, दर वेळी ती थोडी सावरायची, वर्षभरानं पुन्हा रक्त, पुन्हा निरोप, पुन्हा आशा. आशा आणि निराशा यांमधलं ते न संपणारं हेलकावणं आपल्याला वेडं करत होतं, आणि प्रत्यक्ष मृत्यू सोसता आला, असा त्या पत्राचा आशय आहे. व्हर्जिनिया ३० जानेवारी १८४७ ला फोर्डममधल्या लहानशा घरात गेली, चोविसाव्या वर्षी. हे पत्र मला त्याच्या कोणत्याही कथेपेक्षा जास्त हलवून जातं.

तरीही त्या आजारपणातून सगळ्या कथा काढणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. मेलेल्या पहिल्या बायकोनं दुसरीच्या देहात परत यावं, ही 'लिजिया' १८३८ ची. 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' सप्टेंबर १८३९ ची. तेव्हा व्हर्जिनिया ठणठणीत होती, गात होती. पोची आई, रंगभूमीवरची नटी, तो तीन वर्षांचाही नसताना रिचमंडमध्ये वारली होती. थोरला भाऊ हेन्री १८३१ मध्ये बाल्टिमोरला गेला. पण यांतल्या कुणाचंही मरण एवढं लांबलेलं, एवढं हेलकावणारं नव्हतं. म्हणजे ज्या प्रतीक्षेतून पो पुढे पाच वर्षं जाणार होता, तिची पायवाट त्याच्या कल्पनेनं आधीच तुडवून ठेवली होती. असं काही वाचलं की लिहिण्याच्या व्यवसायाचीच भीती वाटते.

अशर घराण्याचा तो वाडा एका काळ्याशार तळ्याच्या काठी आहे. खिडक्या रिकाम्या डोळ्यांसारख्या. छपरापासून खाली तळ्याच्या पाण्यापर्यंत भिंतीवरून नागमोडी उतरणारी एक भेग, इतकी बारीक की नीट निरखणाऱ्यालाच दिसावी. आसपासचे शेतकरी घराणं आणि वाडा या दोघांना एकाच नावानं ओळखतात, तेव्हा एक कोसळलं की दुसरं उरणार नाही हे पहिल्या दोन पानांतच ठरलेलं असतं. घरात उरलेत दोघंच. रॉडरिक आणि त्याची जुळी बहीण मॅडलिन. तिला अंग ताठरून बेशुद्ध पडण्याचा विकार आहे. एका संध्याकाळी ती गेल्याचं रॉडरिक सांगतो, आणि पाहुणा मित्र तिला तळघरात ठेवायला त्याला मदत करतो.

लगेच पुरायचं नाही, पंधरवडाभर तळघरात ठेवायचं, याचं कारण रॉडरिक देतो ते त्या काळाचं आहे. घराण्याचं दफनस्थळ दूर आणि उघड्यावर, आणि तिच्या विचित्र आजाराबद्दल डॉक्टर मंडळी फार चौकशा करत होती. शरीररचना शिकायला प्रेतं मिळत नसत, ताज्या कबरी उकरल्या जात. वाचकाला हे माहीत होतं. त्याच वाचकाला दुसरी भीतीही होती, जिवंतपणी पुरलं जाण्याची. जर्मनीत वाइमारसारख्या गावांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून प्रेतं सडण्याची खूण दिसेपर्यंत ठेवायची घरं बांधली गेली होती आणि तिथे राखणीला माणूस नेमलेला असे. राखणदार काय करायचा? ऐकत बसायचा.

रॉडरिकही तेच करतो. मॅडलिनच्या गालांवर पुसट लाली आहे, ओठांवर रेंगाळणारं हसू आहे, हे दोघांनी शवपेटीचं झाकण लावण्याआधी पाहिलंय. पुढचे सात-आठ दिवस रॉडरिक तासन्‌तास शून्यात बघत, काहीतरी ऐकत असल्यासारखा बसून असतो. मित्राला वाटतं याचं डोकं फिरतंय. मग वादळी रात्री मित्र त्याला एक जुनी वीरकथा वाचून दाखवू लागतो. कथेतलं दार फुटतं तेव्हा खालून लाकूड मोडल्याचा आवाज येतो. कथेतला अजगर किंचाळतो तेव्हा खालून किंचाळी येते. कथेतली ढाल पडते तेव्हा खालून धातू वाजतो. शेवटी रॉडरिक कबूल करतो की आपल्याला हे कितीतरी दिवसांपासून ऐकू येतंय. पेटीतली तिची पहिली, अगदी क्षीण हालचालसुद्धा ऐकू आली होती. आणि बोलण्याचं धाडस झालं नाही.

या कथेतलं भय रक्ताळलेल्या मॅडलिनचं नाही, मला ते या वाक्यात सापडतं. त्यानं ऐकलं होतं. भेग, तळं, वाडा, रक्तासारखा लाल चंद्र ही सगळी आरास आहे, उत्तम आरास आहे, पण कथा त्या गप्प बसण्याची आहे. एक माणूस दुसऱ्याला जाऊही देत नाही आणि परतही घेत नाही. मध्ये, तळघरात ठेवतो. शेवटी बहीण त्याच्या अंगावर कोसळते, दोघं एकत्र मरतात आणि ती बारीक भेग रुंदावत जाऊन वाडा तळ्यात उतरतो.

जानेवारी १८४३ मध्ये आलेल्या 'द टेल-टेल हार्ट'मध्ये हेच ऐकणं आणखी जवळ येतं. अंधारात म्हातारा अंथरुणावर उठून बसलाय, कानोसा घेत. दाराशी उभा असलेला मारेकरीही कानोसा घेतोय. मीही असाच रात्रीमागून रात्री भिंतीतल्या किड्याची टकटक ऐकत बसतो, असं तो सांगतो. हा किडा म्हणजे जुन्या ओकच्या तुळया पोखरणारा एक भुंगेरा. डोकं लाकडावर आपटून तो जोडीदाराला साद घालतो. त्याची टकटक म्हणजे घरातल्या कुणाचं तरी मरण जवळ आलं, असं इंग्लंड-अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या मानत. दिवसा गलबल्यात ती कुणाला ऐकू यावी? मरणासन्न माणसाच्या उशाशी रात्र काढणाऱ्यालाच ती ऐकू येई. म्हणून ती मरणाची झाली. प्रतीक असं जन्माला येतं, जागरणात. पोच्या काळात डॉक्टरांच्या हाती स्टेथोस्कोप आलेला होता. लेनेकनं तो १८१६ मध्ये शोधला, आणि १८४० च्या दशकात यूजेन बूशू हा फ्रेंच डॉक्टर आग्रहानं मांडू लागला की हृदयाचे ठोके ऐकू येणं थांबलं, हीच मरणाची खात्रीची खूण मानावी. म्हणजे मरण ठरवायचं काम कानाकडे आलं होतं. म्हाताऱ्याला मारून जमिनीच्या फळ्यांखाली लपवल्यावर पोचा मारेकरी तिथून जे ठोके ऐकतो ते त्याच कानानं.

माझे थोरले काका गेले त्या रात्री मी रुग्णालयात त्यांच्याजवळ होतो. वॉर्डात रात्री जे काही ऐकू येतं ते सगळं तेव्हा एकाच गोष्टीबद्दल बोलत असतं, लिफ्टचं दार, नळाचं ठिबकणं, कुणाची तरी चप्पल. त्यांचा एक श्वास संपला की पुढचा येईपर्यंत मी माझाही धरून ठेवत होतो. मदत म्हणून नाही, ते आपोआप होत होतं. नंतर पोकडे परतलो तेव्हा त्याच्या कथांमधला अतिरेक मला अतिरेक वाटेनासा झाला. पहाटे तीन वाजता कान खरोखरच तसे होतात.

त्यांचा दहावा कृष्णेच्या काठी झाला. पिंड मांडले, आम्ही बाजूला झालो. झाडावर कावळे होते, खाली उतरेनात. अशा वेळी करतात तसं एकेकानं पुढे होऊन सांगायला सुरुवात केली. आत्यानं सांगितलं, दादा, वहिनीला एकटं पडू देणार नाही. धाकट्या काकांनी सांगितलं, दादा, बांधाचा दावा मी मिटवतो, तुम्ही मन गुंतवू नका. त्या दाव्यावरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. ऊन चढलं. तरी कावळा शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, त्यानं पिंडाला स्पर्श केला, आणि म्हणाले, चला, आता आंघोळी उरका. त्या क्षणी मला ते फार कोरडं वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. मेलेल्याची परवानगी मिळेना तर जित्यांनी स्वतःच्या हातानं ती तयार करायची आणि घरी जाऊन जेवायचं, एवढी सोय त्या गवताच्या कावळ्यात आहे.

अशर वाड्यात अशी सोय नाही. मला वाटतं, हे केवळ पोच्या स्वभावाचं नसून त्याच्या कथा ज्या परंपरेतून आल्या तिचंही आहे. इंग्लंडमध्ये १५३६ ते १५४० या काळात मठ बंद झाले. १५४७ च्या कायद्यानं मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना म्हणायला दिलेली देणगीची देवस्थानं सरकारजमा झाली. मेलेल्यांसाठी जित्यांना काही करता येतं, ही समजूतच नव्या धर्ममतानं रद्द केली. हिशेब देवाकडे गेला, मागे राहिलेल्यांचे हात रिकामे झाले. दोन शतकांनी, १७६४ मध्ये, होरेस वॉल्पोलनं 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' लिहिली आणि गॉथिक कथेचा पाया घातला, आणि तिथपासून या कथा कुठे घडतात पाहा. पडके मठ, इटलीतली तळघरं, संन्याशांचे बोळ. प्रॉस्पेरो लपतो तो मठातच. पोच्याच 'द कास्क ऑफ अमाँटिलाडो'मधला माणूस शत्रूला जिवंत चिणतो तो पूर्वजांच्या हाडांच्या शेजारी. साऱ्या गॉथिक साहित्याचं मूळ एवढ्या एका कारणात शोधणं उतावीळपणाचं होईल. पण जिथे निरोपाचा विधी कमी पडतो तिथे निरोप घरात साचून राहतो, एवढं मला या कथा वाचून पटलंय.

विल्यम फॉक्नरच्या 'अ रोझ फॉर एमिली'मध्ये, १९३० मध्ये, तो साचलेला निरोप अक्षरशः धुळीच्या रूपात आहे. एमिलीचे वडील वारतात तेव्हा समाचाराला आलेल्या बायकांना ती दारातच सांगते की वडील गेलेले नाहीत. तीन दिवस सांगत राहते. मग मोडते, आणि गाव घाईघाईनं त्यांना पुरून टाकतं. पुढे प्रियकर सोडून जाईल असं दिसतं तेव्हा ती त्याला जाऊ देत नाही. चाळीस वर्षं न उघडलेली ती माडीवरची खोली, अंथरुणावर उरलेलं प्रेत, आणि शेजारच्या उशीवरचा एक लांब, लोखंडी करड्या रंगाचा केस. केस करडा आहे, म्हणजे ती तरुणपणीच नव्हे, म्हातारपणीही तिथे येऊन निजत होती. फॉक्नर हे सांगत नाही, फक्त रंग सांगतो. एका केसात इतकी वर्षं ठेवलेली मी दुसरीकडे वाचलेली नाहीत.

आणि डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्झची 'द मंकीज पॉ', १९०२ ची. माकडाचा तो वाळलेला पंजा हिंदुस्थानातून परतलेला एक सार्जंट-मेजर व्हाइट कुटुंबाच्या घरी आणतो. माणसाचं आयुष्य नशीब चालवतं आणि त्यात ढवळाढवळ करणाऱ्याला पस्तावावं लागतं, हे दाखवायला एका फकिरानं त्याच्यावर मंत्र घातलाय. तिघांना तीन-तीन इच्छा. व्हाइट गंमत म्हणून दोनशे पौंड मागतात. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस येतो, मुलगा हर्बर्ट यंत्रात सापडून गेल्याचं सांगतो आणि भरपाई देतो, दोनशे पौंड.

हर्बर्ट जाऊन दहा दिवस झाल्यावर रात्री आईला त्या पंजाची आठवण होते. ती नवऱ्याला दुसरी इच्छा मागायला लावते. मुलगा जिवंत होऊ दे. वडिलांनी मुलाला कपड्यांवरून ओळखलेलं आहे, ते कशाला घाबरतात हे त्यांना ठाऊक आहे. ते मागतात. काहीच होत नाही. मेणबत्ती विझते, दोघं अंधारात पडून राहतात. मग दारावर हलकी टकटक. आई उठते, आणि म्हणते की हर्बर्टच आहे, स्मशान दोन मैलांवर आहे हेच मी विसरले होते.

भयकथांमधलं मला सर्वांत जवळचं ठिकाण हे. दोन मैल. एवढ्या वेळात तिनं मुलाच्या चालण्याचा हिशेब केलाय, त्याला उशीर का झाला याची समजूत घातलीये. ती वरची कडी काढायला खुर्ची ओढते, आणि वडील जमिनीवर चाचपडत पंजा शोधतात आणि तिसरी इच्छा मागतात. त्या इच्छेचे शब्द जेकब्झ देत नाही. दार उघडतं तेव्हा बाहेर कुणी नसतं.

बहुतेक वाचक इथे सुटकेचा श्वास टाकतात, मीही टाकत असे. वडिलांनी केलं ते धाकट्या काकांनी पिंडापाशी केलेल्यासारखंच होतं, सोडून दिलं. ते बरोबर होतं, यात मला शंका नाही. पण अलीकडे माझं मन दाराच्या या बाजूला, खुर्चीवर उभ्या असलेल्या त्या बाईपाशी राहतं. बाहेर जे काही उभं होतं ते कसंही असतं, चुरगळलेलं, मातीनं माखलेलं, ओळखू न येणारं, तरी तिनं त्याला आत घेतलं असतं. शेगडी पेटवली असती, पाणी तापवायला ठेवलं असतं. कथा तिला चूक ठरवते. मला ते जमत नाही.